फेस खाली बसू नये म्हणून

धाकटीचा हात फेटायला लागला की मशीनही लाजेल, असं तिच्या बेकरीतले लोक म्हणायचे. आज ती आजारी थोरल्या बहिणीच्या खाटेशेजारी बसून अंड्याचं पांढरं फेटत होती. ताईला दुसरं काही गिळवत नव्हतं, म्हणून हा साखरेचा हलका फेस.

दुपारी तिने वाडगं जरा बाजूला ठेवलं. फेस बसू लागला, तशी ताईची छातीही खाली जाऊ लागली. ती पुन्हा वर येईना. धाकटीने घाबरून फेटणी उचलली. फेस फुलला आणि ताईने मोठा श्वास घेतला.

"योगायोग गं बाई," ती स्वतःशीच पुटपुटली आणि मुद्दाम थांबून पाहिलं. नसतं पाहिलं तर बरं झालं असतं.

मग ती फेटतच राहिली. पण फेटण्यालाही हद्द असते, हे तिच्याहून कोण जास्त जाणणार? पांढऱ्यातली प्रथिनं म्हणजे गुंडाळी झालेले धागे. फेटलं की उलगडतात, एकमेकांना धरतात, हवा कोंडून ठेवतात. फार फेटलं तर इतकी आवळतात की पाणी पिळून निघतं आणि फेस फुटतो. तिने लिंबू पिळलं, आणखी साखर घातली. तरी वाडग्यात कडेला पाणी सुटलंच. ताईच्या ओठांतूनही पाणी ओघळलं.

"पुरे कर गं," ताई कशीबशी म्हणाली. "हात दुखेल तुझा."

"तू गप पड. मोठी आलीस काळजी करणारी." धाकटीला रडू फुटलं. आईमागे हिनेच तिला वाढवलं होतं. हिच्याशिवाय तिला होतं कोण?

आणि मग तिला सुचलं. सारा जन्म भट्टीपुढे गेला आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात येऊ नये! मंद आचेवर ते धागे जिथल्या तिथे पक्के होतात. नीट भाजलेला फेस कधी खाली बसत नाही. तिने स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये वाडगं सरकवलं आणि काचेपुढे बसून राहिली. फेस वर चढला, थांबला, घट्ट झाला.

जीव भांड्यात पडला तिचा. ती खोलीत धावली. "ताई, आता भ्यायचं काम नाही."

ताईची छाती वर आली होती आणि वरच राहिली होती. धाकटीने हाका मारल्या, दोन्ही तळव्यांनी छाती दाबून पाहिली. ती तसूभरही खाली गेली नाही. घेतलेला श्वास आतच होता. ताईचे डोळे तेवढे हलत होते, आणि ते धाकटीकडे बघत होते.