दोघांचीच मापून

"मी काय चोरी केली? मी विचारलं, तू सांगितलंस. खलास!"

जहांआराने फ्रीजचं दार आपटलं. मुझम्मिल किचनच्या दारात आडवा उभा राहिला.

"काय विचारलंस, अम्मी? नुरी फोनवर रडते, घरी कोण आजारी आहे काय, जरा ऐक. असंच बोललीस ना?"

"मग? नाही कोण आजारी. चांगलंच झालं."

नुरहाया, म्हणजे नुरी, आखातात करामाच्या या घरी कामाला आली तेव्हा मुझम्मिल बोलायला शिकत होता. फिलिपाइन्सच्या पार टोकाला मापून म्हणून बेट आहे, तिथली ती. बोलीही मापूनच. बिल्डिंगमधल्या बाकीच्या फिलिपिनो बायकांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. मुझम्मिलला कळायचं. भरवताना, झोपवताना, कान पिळताना ती तेच बोलायची. म्हणून घरच्यांशी फोनवर बोलताना तो समोर असला तरी तिने कधी आवाज कमी केला नाही.

आणि त्याने खुशीत येऊन अम्मीला सांगून टाकलं. नुरी आनंदाने रडत होती. बहिणीने तिच्यासाठी मरीना भागातल्या एका सलूनमध्ये काम बघितलंय. ईद झाली की आपल्याला सांगणार आहे.

अम्मी ईदपर्यंत थांबली नाही. व्हिसा कॅन्सल. टिकीट आजचं.

"तिला एकदा विचारायचं तरी!"

"तिने मला विचारलं? दुसऱ्याच्या दारात जायला आणली होती तिला? आता जाऊ दे आपल्या बेटावर. आणि तू आवाज खाली कर. शाळेतलं इंग्लिश जमलं नाही, कामवालीची भाषा मात्र तोंडपाठ!"

मुझम्मिलने खुर्चीला लाथ घातली आणि आत गेला.

नुरहाया बॅगेवर गुडघा दाबून चेन ओढत होती. चेन लागत नव्हती. त्याने खाली बसून दोन्ही कडा धरल्या. अम्मी असं करेल मला माहीत नव्हतं, तो मापूनमध्ये म्हणाला.

चेन लागली. तिने वर बघितलं नाही.

"थँक्यू, सर."

त्याचे हात बॅगेवरच राहिले. त्याने तेच पुन्हा सांगितलं, हळू, एकेक शब्द सुटा करून.

"सॉरी, सर," ती ओढणी नीट करत म्हणाली. "आय डोन्ट अंडरस्टँड."

बाहेरून अम्मीची हाक आली.

"मुझ्झू, टॅक्सी आली. बॅग खाली पोचव आणि जेवायला ये."

तो चपला शोधायला लागला.

"मला नको वाढूस. मला आत्ता हिच्याबरोबर एअरपोर्टला निघायचंय."