गाडीची डावी बाजू

डॉक्टरांनी टेपचं टोक पुढच्या बंपरच्या कडेला अंगठ्यानं दाबून धरलं आणि मान वर करून विचारलं,

"पोचलं का मागपर्यंत?"

"पोचलं. सोडू नका हं," मागच्या दिव्याशी वाकलेले मिस्त्री म्हणाले. आकडा वहीत लिहून त्यांनी पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली.

गॅरेज अरुंद होतं. उजव्या अंगाला दोन माणसं सरकतील एवढी जागा, डाव्या अंगाला जेमतेम एक. मधे ती लांब पाठीची, चौकोनी गाडी. डॉक्टर जनावरांचे. सगळी नोकरी त्यांनी हिच्यातून केली होती. डोळे गेले तशी गाडी थांबली, आणि थांबली तशी खालून गंजत गेली. गुरुवारी भंगारवाला न्यायला येणार होता.

मिस्त्रींना गाडी नको होती, तिची मापं हवी होती. रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांचा त्यांचा एक क्लब होता. मोटर, चाकं, सांगाडा सगळं विकत मिळायचं. वर चढवायची पातळ प्लॅस्टिकची बॉडीही मिळायची, पण ठरावीक गाड्यांचीच. जी कुठलीच कंपनी काढत नाही अशा बॉड्यांची एक यादी क्लबच्या भिंतीवर चिकटवलेली होती, वर 'कुणी करेल का?' असं लिहिलेली. सहा वर्षं ही गाडी त्या यादीत पहिली होती. ओतशाळेत लाकडी साचे करून निवृत्त झालेल्या मिस्त्रींनी शेवटी ती मनावर घेतली होती.

"मोजा, खुशाल मोजा," डॉक्टर म्हणाले होते. "फक्त पहिली बॉडी माझी. गाडी जाणार ती जाणार, पण हाताशी काहीतरी राहील."

"बाबा रोज दुपारी येऊन मागच्या सीटवर बसतात, काका," त्यांची लेक चहा ठेवताना म्हणाली. "भिंत धरून धरून यायचं, दार चाचपायचं. खालच्या पत्र्याला भोकं पडलीत. एक दिवस पाय आरपार जाईल."

"म्हणजे घरबसल्या सहल," डॉक्टर म्हणाले. "पाय जमिनीवर, बाकीचा मी गाडीत."

लेक हसली नाही.

उजवी बाजू संपायला तास गेला. मिस्त्रींनी वही मिटली.

"आता डावी," डॉक्टर म्हणाले, आणि टेपचं टोक घेऊन भिंतीला घासत निघालेसुद्धा.

डावीची गरज नव्हती. एक बाजू मोजायची आणि कागद उलटा ठेवून दुसरी काढायची, ही मिस्त्रींची चाळीस वर्षांची रीत. कारखान्यातून निघालेली वस्तू दोन्हीकडून सारखीच असते. पण आंधळ्या माणसाला एवढ्या उत्साहात थांबवणं त्यांच्या जिवावर आलं. वही बगलेत धरून ते मागोमाग गेले. डॉक्टरांनी टोक धरलं की मिस्त्री टेप ताणायचे आणि म्हणायचे, "हं. झालं. पुढे."

मागच्या दाराला मुठीखाली एक खोलगट पोचा होता. त्यांनी तो पाहिला. ओतशाळेत असा नग त्यांनी परत पाठवला असता.

घरी बायकोनं वही उलटून पाहिली.

"अर्धीच गाडी मोजलीत?"

"उरलेली अर्धी तशीच असते."

"मग चहा अर्धा कप देते. उरलेला तसाच असतो."

लाकूड कोरायला तीन आठवडे गेले. मग प्लॅस्टिकचा तापवलेला पत्रा त्यावर अंथरून खालून हवा ओढून घेतली, तेव्हा तो साच्याला असा बिलगला की खिडकीची कडासुद्धा सुटली नाही. रंग आतून द्यायचा असतो, म्हणून बाहेरची बाजू नितळ राहते. दहाव्या हिश्शाची ती फिकट हिरवी गाडी खोक्यात ठेवताना मिस्त्रींना वाटलं, बऱ्याच वर्षांत हातून असं सरळ काम झालं नव्हतं.

डॉक्टर रिकाम्या गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. लेकीनं खोकं उघडून बॉडी त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी दोन्ही हात बॉनेटवर ठेवले. मग उजवा हात एकटाच निघाला: पुढची काच, छत, मागचा उतार, दिवा.

"हा दिवा दोनदा बदलला," ते म्हणाले. "अगदी हाच."

मग डावा हात निघाला. पुढचं दार झालं, मागचं दार आलं, आणि बोटं थांबली. थोडी मागे गेली, पुन्हा पुढे आली. जिना उतरताना शेवटची पायरी लागू नये तशी.

"छान झालीय," डॉक्टर म्हणाले. हात मांडीवर आले. "अगदी नवी कोरी."

लेकीनं मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी खोक्याचं झाकण उचललं.

"ही क्लबची आहे," ते म्हणाले. "नमुना दाखवायला आणली. तुमची अजून टेबलावर आहे. पोच्याचं काम जरा नाजूक, म्हणून..."

"मिस्त्री."

"हं?"

"डावीकडे पेन्सिल वाजली नाही तुमची. उजवीकडे दर मापाला वाजत होती."

मिस्त्रींच्या हातातलं झाकण तसंच राहिलं.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही एवढं छान हं हं करत होता. म्हटलं डोक्यात ठेवत असाल. मी ठेवायचो जनावरांची वजनं."

"नाही ठेवलं," मिस्त्री म्हणाले. "काहीच नाही ठेवलं. आणि गाडी गेली."

"घोडीनं लाथ मारली होती," डॉक्टर म्हणाले. "तिची काही चूक नव्हती. सुई मी मारली होती. बायको म्हणायची दुरुस्त करा. नंतर डोळे गेले, तर तोच पोचा उपयोगी पडला. तो लागला की चार बोटं वर मूठ. सहा वर्षांत एकदाही चुकलो नाही." त्यांनी उजव्या हाताची बोटं जुळवून हवेत आडवी धरली. डाव्या हाताचा अंगठा त्यांच्याखाली, थोडा आत वळवून टेकवला. "खोली ही एवढी. अंगठ्याचं पहिलं पेर बुडायचं. खालची कडा बोथट, वरची धारदार."

लेक आत वळता वळता थांबली. "तुम्ही कधी सांगितलं नाहीत, बाबा."

"तू विचारलंस, भिंत धरून कसे जाता. दार कसं उघडता, हे नाही विचारलंस."

आतून एक स्टूल आणून तिनं मिस्त्रींच्या मागे ठेवलं.

मिस्त्री बसले. खिशातून पोलादी पट्टी काढली आणि डॉक्टरांच्या जुळवलेल्या बोटांना उभी लावली.

"हात हलवू नका हं," ते म्हणाले.