पांढऱ्या पट्ट्यांखालची पार्वताबाई

या बाई, या दादा, असे जवळ सरका. पंखा इकडेच आहे. टाळ वाजायला अजून अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगते. देवाची नाही, पण देवालाही ऐकावीशी वाटेल अशी आहे.

आपल्या अकोल्याच्या जुन्या शहरात गोपाळकृष्ण गुरुजी राहतात. चित्रकला आणि मराठी शिकवून निवृत्त झाले. दरवर्षी चैत्रात आपल्या मारुतीच्या देवळात कीर्तनाचा सप्ताह बसतो, आणि काल्याच्या दिवशी प्रसादाबरोबर प्रत्येकाच्या हाती गुरुजींची सोळा पानी चित्रकथा पडते. वऱ्हाडातल्या कुणा खऱ्या माणसाची. कोणी विहीर खणली, कोणी महापुरात नाव हाकली, अशी माणसं. ज्यांचे पुतळे कुणी उभारत नाही, त्यांना गुरुजी चौकटीत बसवतात.

चित्रं गुरुजींची. फुग्यातली अक्षरं मात्र कुंदाताईंची, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींची. चित्रातलं माणूस बोलतं ते शब्द ज्या गोलात लिहितात, त्याला त्यांच्या घरात फुगा म्हणत. गुरुजी शब्द सांगणार आणि ताई काळ्या शाईने बोरूसारखं ठसठशीत लिहिणार. एकवीस वर्षं, एकवीस पुस्तिका.

मग मुलीला, स्वरालीला, पुण्यात दुसरं बाळ झालं. मोठा ईशान चार वर्षांचा. कुंदाताई तीन महिन्यांसाठी गेल्या, त्याचे बघता बघता चौदा महिने झाले. पुण्यातलं घर दोन खोल्यांचं. गुरुजी एकदा जाऊन आठ दिवस राहिले, पण पाय आखडून झोपावं लागलं म्हणून परत आले. तेव्हापासून सकाळी एकच कप चहा ठेवतात, आणि सवयीने दूध मात्र दोन कपांचं घालतात.

जाण्याआधी ताईंनी त्यांच्याबरोबर एक फेरी केली होती, वरुडला. तिथे मनकर्णाबाई नावाची अठ्ठ्याऐंशी वर्षांची म्हातारी आहे. तिची आई पार्वताबाई धामणगाव रेल्वे या गावी कापूस वेचून साफ करायच्या कामावर होती. एका वर्षी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. बाहेरगावचे मजूर रुळांपलीकडच्या धान्याच्या कोठारात पडून होते आणि भीतीने कोणी जवळ जाईना. दारावर एक राखणदार बसवलेला. पार्वताबाई दोन घागरी घेऊन गेली. अकरा दिवस गेली. आठ वर्षांची मनकर्णा सगळं बघत होती. त्या दुपारी तिने आईचा शब्दन्‌शब्द सांगितला. गुरुजी वहीत उतरवत होते, आणि कुंदाताई तिच्याजवळ बसून संत्री सोलत ऐकत होत्या.

या वर्षी पार्वताबाईची पाळी आली. गुरुजींनी सोळा पानं काढली आणि वहीतले शब्द लिहून सगळं पुण्याला कुरियर केलं. तीन आठवड्यांनी पानं परत आली. गुरुजींनी चष्मा लावला, आणि त्यांच्यातला मास्तर खडबडून जागा झाला.

त्यांनी लिहून दिलं होतं, “बाजूला व्हा. तृषार्तांना पाणी पाजणे हे माझे कर्तव्य आहे.” आणि फुग्यात भलतंच काही होतं. सगळ्याच फुग्यांत. मले, तुले, काहून, अशी नुसती वऱ्हाडी बोली. त्यांनी लगेच पुण्याला फोन लावला.

“कुंदा, अगं हे काय लिहिलंस?”

“तिनं जे म्हनलं ते.”

“ही पुस्तिका आहे. लोक जपून ठेवतात. ग्रंथात असं चालतं का?”

“बुवा आख्यानाले लागले का आपल्याच बोलीत येतात नं? तवा तर तुमी मान डोलावता. मंग इथं काहून खुपते?”

“तिथे बोलणं असतं, इथे लेखन आहे.”

“फुग्यात बोलनंच असते,” ताई म्हणाल्या. पलीकडे बाळ रडायला लागलं आणि फोन ठेवला गेला.

ताईंचं माहेर धामणगावजवळच्या खेड्यातलं. वडील तिथे देवळात पुजारी. लग्न होऊन आल्या तेव्हापासून गुरुजी त्यांना ‘मले नाही, मला’ म्हणत आले. प्रेमानेच बरं का. शाळेत पन्नास पोरांना म्हणायचे तसंच.

गुरुजींनी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या. गोंद लावून एकेका फुग्यावर चिकटवल्या आणि वर स्वतःच्या अक्षरात शुद्ध मराठी लिहिलं. संध्याकाळी फोनवर सांगितलंही, “थोडं दुरुस्त केलंय गं.”

ताई म्हणाल्या, “बरं केलं. मंग आता तुमीच लिहत जा.”

त्यानंतर फोन व्हायचे, पण जेवलात का, गोळी घेतली का, एवढेच. पूर्वी शेजारच्या मांजरीपासून बुवांच्या घशापर्यंत सगळं बोलणं व्हायचं.

छापायला देण्याआधी ज्याची कथा त्याच्या घरी वाचून दाखवायची, हा गुरुजींचा नेम. फाल्गुन लागला होता. सकाळची एसटी, अमरावतीला गाडी बदलली, वरुडला उतरले तर रस्त्यावर संत्र्यांच्या ट्रकांची रांग. मनकर्णाबाई ओसरीत खाटेवर बसली होती. नजर आता गेलेली. नातसून प्राजक्ता शेजारी बसून वाचू लागली. तीन पानं झाली, चार झाली. म्हातारी कान देऊन ऐकत होती. कोठाराच्या दाराशी पार्वताबाई राखणदाराला म्हणते ते वाक्य आलं.

“थांब व प्राजक्ता,” मनकर्णाबाई म्हणाली. “हे कोन बाई होय?”

“तुमची आई नं, आजी.”

“माही माय? नाही. हे कोनी मास्तरीनबाई दिसून राहिली.”

गुरुजी हसायला गेले, पण हसू आलं नाही. “मावशी, शब्द तुमचेच आहेत. मी जरा नीट केलेत.”

“नीट? ते का वाकडी होती?” म्हातारी खाटेच्या दोरीवर बोटं फिरवत राहिली. “मास्तर, मले वाटलं होतं, डोये गेले तर गेले, एकडाव मायले ऐकीन. हे त ते नोहे.”

“मग ती काय म्हणाली होती ते पुन्हा सांगा. मी जसंच्या तसं लिहितो.”

म्हातारीचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. मग तिच्या न दिसणाऱ्या डोळ्यांत पाणी आलं. “तवा तुमाले सारं सांगतलं होतं. आता नाही आठवत बापा. मले वाटलं, तुमी लिहून ठेवलं असन.”

प्राजक्ताने चहा आणला. गुरुजींनी तो कसाबसा संपवला. निघताना तिने पिशवीभर संत्री दिली. ती मांडीवर घेऊन गुरुजी अकोल्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. वही त्यांच्या झोळीतच होती, पण वहीत काय होतं? लिहिता लिहिताच त्यांनी सगळं शुद्ध मराठीत धुऊन काढलं होतं. पार्वताबाईचा एकही शब्द त्यात उरला नव्हता.

घरी येऊन पाणीही न पिता त्यांनी गॅसवर पातेलं ठेवलं. वाफेवर पान धरलं, गोंद सुटला तर पट्टी निघेल म्हणून. पट्टी निघाली, पण ताईंची अक्षरं तिलाच चिकटून आली. काळा फराटा नुसता. दुसरं पान धरलं, त्यात घागरीच फाटल्या. तिसऱ्या पानाला हात लावायची त्यांची हिंमत झाली नाही.

गुरुजींचं त्या वेळचं मी काय सांगू? स्वयंपाकघरात ते उभेच राहिले. घरात आवाज म्हणून फक्त त्या उकळत्या पाण्याचा.

मग त्यांनी फोन लावला.

“कुंदा, मनकर्णाबाईला आईचे शब्द आठवत नाहीत आता. माझ्याकडे नाहीत. तू लिहिलेले होते, ते मी घालवले.”

“पट्ट्या काढून पाहा नं.”

“काढल्या. सगळं फाटलं. तुला आठवतंय का गं?”

“मले आठवते. पन तुमी दुरुस्त कराल.”

“नाही करणार.”

“चाळीस वर्षं झाले, तुमी मले कदी पुरं बोलू देल्लं का? इथं ईशान माह्यासारखं बोलाले लागला तर स्वराली म्हनते, आई, शाळेत हसतील त्याले. म्या म्हनलं, हसू दे. माह्या बोलन्याले कोनी हात लावत नाही इथं. म्हनूनच पाय निघत नाही माहा, समजलं?”

हे गुरुजींना चौदा महिन्यांत पहिल्यांदा समजलं. तीन महिन्यांचे चौदा बाळामुळे झाले, असंच ते शेजाऱ्यांना सांगत आले होते.

“समजलं,” ते म्हणाले. “सांग. मी लिहितो.”

ताई सांगू लागल्या. मधेच बाळाला थोपटत, मधेच कुकरकडे बघत.

“राखनदार म्हनते, आत गेली तर मरशीन. पार्वताबाई म्हनते, सरक बाजूले. त्याईले तहान लागून राहिली. तुले लागली तर तुलेबी देईन.”

गुरुजींनी लिहिलं. ‘त्याईले’शी त्यांचा हात अडखळला, पण लिहिलं. चार दिवस रोज दुपारी हे चाललं. पंधरा पानं झाली. शेवटच्या पानावर साथ ओसरल्यावर पार्वताबाई रिकाम्या कोठारात उभी आहे आणि वर एक फुगा.

“ते मले नाही आठवत,” ताई म्हणाल्या. “काहीतरी म्हनलं होतं तिनं. उगाच माह्या मनचं कसं सांगू?”

“मी काही लिहू?”

“नका. रिकामाच ठेवा.”

गुरुजींनी नवी पानं काढली, स्वतःच्या अक्षरात फुगे भरले आणि पुन्हा वरुड गाठलं. प्राजक्ता वाचू लागली. कोठाराचं दार आलं. “सरक बाजूले,” तिने वाचलं, आणि मनकर्णाबाईने खाटेवरचे पाय हळूच आत ओढले, जणू कोणी खरंच वाट मागितली. म्हातारीने मधे एकदाही थांबवलं नाही.

“आजी, या शेवटच्या फुग्यात काई नाही लिहिलेलं.”

“मंग चूप असन तवा,” मनकर्णाबाई म्हणाली. “सारखी थोडीच बोलते मानूस.” आणि जरा वेळाने, “पुन्हा वाच व. पयल्यापासून.”

तीनदा वाचलं. गुरुजींची बस चुकली, पण ते उठले नाहीत.

चैत्रात सप्ताह झाला. पुस्तिका वाटल्या. काही शहाण्यांनी नाकं मुरडली, गुरुजी म्हातारे झाले, शुद्धलेखन सुटलं म्हणाले. गुरुजी पुस्तिका वाटत राहिले. काल्याच्या दुपारी घरी जाऊन त्यांनी पुण्याला फोन लावला. ईशानने उचलला.

“आजी झोपून राहिली, आबा.”

“बरं. तिले उठवू नको,” गुरुजी म्हणाले.

कुंदाताई अजून आलेल्या नाहीत. येतील की नाही, हे गुरुजी विचारत नाहीत. रोज दुपारी फोन करतात, आणि ताई बोलतात ते पुरं ऐकून घेतात.

तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. त्या सप्ताहातली ही उरलेली पुस्तिका घरी न्याल, लेकराबाळांना मोठ्याने वाचून दाखवाल, पार्वताबाईचं नाव तर आपोआप तोंडी येईल. पण तिचे शब्द संत्री सोलता सोलता कानात ठेवून घेतले आणि मोडू दिले नाहीत, त्या कुंदाताईंचीही तेव्हा आठवण काढा.