उतरलीस ते बरं केलंस

मी खोगीर बोलतोय. बिनकामाच्या गोष्टींना तुम्ही खुशाल खोगीरभरती म्हणता. म्हणा बापडे. पण त्या दौडीच्या दिवशी घोडी आणि तिच्यावर बसलेली बाई यांच्यामध्ये कोण होतं? मीच की.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवलं, आत लोकर ठासून भरली. पहिल्या मालकाची हौस लवकरच फिटली आणि मी माळ्यावर उंदरांच्या तावडीत सापडलो. तिथून मला ताईने उचललं. ताई शाळेची बस चालवते. तिची घोडी म्हणजे मावशी. तबेल्यातल्या सगळ्या घोड्यांना दटावते म्हणून हे नाव. मावशीचं खाणंपिणं, खरारा ताईचा थोरला भाऊ बघतो. त्याला ती दादा म्हणते, म्हणून मीही.

लांब पल्ल्याची दौड दिवसभर चालते. मधल्या थांब्यांवर पशुवैद्य घोडा तपासतो आणि ठणठणीत असेल तरच पुढे सोडतो. आधीच्या दौडींत मावशीला अर्ध्यातून परत पाठवलं होतं. आता तिचं वय झालेलं, म्हणजे ही शेवटचीच. दौड पुरी केली की ढाल मिळते. दादाने ढालीसाठी तबेल्यात खिळाही ठोकून ठेवला होता.

शेवटच्या थांब्याच्या अलीकडे उतारावर मला पहिल्यांदा जाणवलं. मावशीचा पुढचा उजवा पाय टेकायचा तेव्हा मी किंचित डावीकडे ढकलला जायचो. ताईलाही ते कळलं असावं. ती थांबली, उतरली आणि आळ कोणावर घेतला? माझ्यावर! माझा पट्टा आवळला, माझ्याखालच्या घोंगडीची घडी नीट केली, पुन्हा बसली. पण ढकलणं चालूच. अगं बाई, मी जागचा हललेलो नाही, हे तुला कसं सांगू?

थांब्यावर मला उतरवून गवतावर ठेवलं. इथेच माझा जीव खालीवर व्हायला लागला, कारण घोडा तपासतात तो पाठ मोकळी करून, नुसतं दोरीला धरून पळवून. दादाने मावशीला पळवलं. ओझं नव्हतं, ती छान पळाली.

"पास," पशुवैद्य म्हणाले.

दादाचा चेहरा उजळला. "बघ, खोगीरच सरकत होतं. चल, आता थोडंच राहिलंय."

मला पुन्हा चढवलं. ताई बसली. चार पावलं चालवून तिने मावशीला दुडकी धरायला लावली. पुन्हा तेच. माझ्या खालची पाठ आखडलेली. पलीकडे मोकळी वाट दिसत होती. आता ही टाच मारते की काय, या धास्तीने मी अर्धा झालो.

ताई उतरली.

"मी घोडी मागे घेतेय," ती पशुवैद्यांना म्हणाली. "वर बसलं की लंगडतेय."

"वर बसणाऱ्यालाच ते आधी कळतं," ते म्हणाले. "चांगलं केलंत."

दादा मात्र भडकला. "पास झालेली घोडी कोण मागे घेतं? वर्षभर मी काय झक मारली?"

"दादा, ती आपल्याला नाही म्हणणार नाही रे. पडेपर्यंत पळेल."

तो बादल्या आपटत आवरायला लागला. मावशीला गाडीत चढवण्याआधी पाय धुवायला खाली बसला, आणि बसूनच राहिला. हात त्या उजव्या पायावर होता.

"गरम लागतोय," तो म्हणाला. मग बराच वेळ त्याने ताईकडे पाहिलं नाही.

आता मी खुंटीवर असतो. माझ्यावर धूळ बसलीय, बसू दे. मावशी बाहेर फिरते तेव्हा मी कान लावून टापा ऐकतो. एक टाप अजून हलकी पडते. ती पुन्हा धावेल की नाही, कोणी सांगत नाही, आणि मला विचारायची हिंमत नाही.

एवढंच मागणं आहे. घोडा डुगडुगला तर आधी आळ माझ्यावर घ्या, माझी ना नाही. पण पट्टा आवळूनही ते थांबलं नाही, तर उतरा.

दादाने ठोकलेल्या त्या खिळ्यावर सध्या मावशीच्या पायाची पट्टी वाळत असते. रोज तोच धुतो.