आगीला न आलेली बाई

सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी मी बायकोला शेण वाहायच्या एकचाकी गाडीत बसवून टेकडीवर नेलं. लुद्विकाच्या अंगात ताप होता. पण आमच्याकडे या रात्री पेटवायच्या सोबुत्काच्या आगीला जी बाई येत नाही ती चेटकीण असते, चेटकीण दुसऱ्यांच्या गाईंचं दूध पळवते, आणि यंदा मे महिन्यापासून गावातल्या गाई आटल्या होत्या. दोन वर्षांमागे शेजारच्या गावात आगीला न आलेल्या एका विधवेला तळ्यात टाकून पाहिलं. ती तरंगली नाही, म्हणजे निर्दोष ठरली. निर्दोष म्हणूनच तिला पुरलं.

मी गावचा मास्तर. ही आग चर्चहून कितीतरी जुनी, मुळात सूर्याची. पाद्र्यांनी तिला नंतर संताचं नाव चिकटवलं, हे मी दर वर्षी वर्गात शिकवतो. तरी बायकोच्या कमरेला चेटकापासून राखणाऱ्या नागदवण्याचा पट्टा मीच बांधला. गाठ ओढून पाहिली.

वर पोचल्यावर लोहाराच्या बायकोने वरात थाटाची आहे म्हणून टोमणा मारला. लुद्विका म्हणाली, मोजलंत ना मला, आता हसा.

घरोघरच्या चुली विझवल्या होत्या. ही आग नव्यानेच काढायची, आगपेटी चालत नाही. म्हातारे लाकडावर लाकूड घासत होते. लाकूड धुमसत होतं, पेटत मात्र नव्हतं. तेव्हा अंब्रोझी लोहार म्हणाला, कोणीतरी कमी आहे. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सरपंचांची बायको पेट्रोनेला नव्हती.

कायेतान सरपंच हसले. म्हणाले, ती गाईपाशी थांबलीय. हे बोलायला नको होतं. गावात तेवढी एकच गाय बादली भरून दूध देत होती.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. पुरुषांनी नुसत्या काठ्या उचलल्या.

सरपंच माझ्याकडे वळले. एरवी ते मला पुस्तकी किडा म्हणतात.

"मास्तर, तुम्ही शिकलेले. सांगा ना यांना, हे सगळं थोतांड आहे."

मी सांगितलं. आवाज माझाच होता, फक्त फार बारीक. अंब्रोझीने शेणाच्या गाडीकडे पाहिलं.

"थोतांड आहे, तर मग तापातली बायको यातून कशाला आणलीत, मास्तर?"

उत्तर माझ्याकडे होतं. तिथल्या प्रत्येकाकडे तेच होतं, म्हणून कोणी त्याची वाट पाहिली नाही.

लुद्विकाने कमरेचा पट्टा सोडून गवतात टाकला.

"अहो, गाडी वळवा. पेट्रोनेलाकडे चला, यांच्या आधी."

मी खालच्या आवाजात म्हटलं, वेड लागलंय का तुला, आपण आलोय, लोकांनी पाहिलंय, आपण सुटलोय.

"म्हणूनच," ती म्हणाली.

मी गाडी वळवली. उतरायची वाट अरुंद होती, चाक दगडांवर उडत होतं. लुद्विका माझ्याकडे तोंड करून बसलेली, म्हणजे माझ्या पाठीमागचं सगळं तिला दिसत होतं. आधी मागे काहीच नव्हतं. मग पावलं वाजू लागली. सरपंच असतील, असं मी स्वतःला समजावलं. पण एका माणसाला इतके पाय नसतात.

"कोण येतंय?" मी विचारलं.

तिने माझ्या खांद्यावरून पाहिलं. गाडीच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या.

"ढकला," ती म्हणाली.