गाई तुमच्या, माणूस आमचा

शहाण्णव साली आमच्या पिंपळीच्या ग्रामपंचायतीनं रस्त्याकडेच्या जुन्या जागांना पाट्या लावायचं ठरवलं. मी नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो, म्हणून मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. फाट्यावरच्या शेंदराच्या दगडाला नुसतं 'म्हसोबा' लिहायचं होतं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी मुलं माझ्या ओट्यावर अभ्यासाला बसली होती, तेवढ्यात ठमाबाई आली. ती धनगरवस्तीवरची. सासऱ्याच्या वेळेपर्यंत त्यांच्याकडे मेंढरं होती. आता मुलगा ट्रॅक्टर चालवतो.

"गुर्जी, त्यो म्हसोबा न्हाय," ती म्हणाली. "त्यो आमचा थोरला हाय. मेंढरं राखताना चोरांच्या हातनं पडला. सासूनं मला दगड दावून सांगितलंय."

"नाव काय त्याचं?"

"थोरला."

"म्हणजे खरं नाव?"

"ते कुणाला ठावं? लई पिढ्या झाल्या."

मुलं हसली. ठमाबाई रागावली नाही. "हसा. देवाला काय, कुठंबी जागा मिळती. ह्येला एवढीच हाय. पाटीवर म्हसोबा लिवलं की त्यो माणूस गेलाच म्हना."

मुलं हसायची थांबली. 

दगडाला लागून बापूसाहेबांचं वांग्याचं रान. इंदापूरच्या बाजाराला माल निघाला की वांग्यांची पहिली टोपली ते म्हसोबाला दाखवणार, मगच टेम्पोत चढवणार. दुसऱ्या दिवशी ठमाबाईला सोबत घेऊन मी त्यांच्याकडे गेलो आणि तिचं म्हणणं सांगितलं.

"आजोबापासनं आमी शेंदूर लावतो त्येला," ते म्हणाले.

"आमीबी लावतो की, दसऱ्याला," ठमाबाई म्हणाली.

"व्हय? तरीच म्हनलं, देव इतका जाडजूड कसा व्हत चाललाय."

शेंदूर काढून खालचा दगड बघावा, असं मी सुचवलं. बापूसाहेबांचा चेहरा बदलला. "देवाच्या अंगाला नख लावायचं न्हाय, गुर्जी."

"नख कशाला लागतंय?" ठमाबाई म्हणाली. "गरम तेलानं न्हाऊ घालू. देव असंल तर त्येला बरंच वाटंल. थोरला असंल तर आपल्याला दिसंल."

बापूसाहेबांनी बराच वेळ टोपी सारखी केली. शेवटी म्हणाले, "तेल मात्र माझं."

रविवारी सकाळी सगळी मुलं दगडापाशी जमली. तेल मुरेपर्यंत मी त्यांना वीरगळ म्हणजे काय ते सांगितलं. पूर्वी गाव किंवा गुरं वाचवताना कुणी पडला, की त्याच्या आठवणीचा दगड उभा करत. तो खालून वर वाचायचा. तळाला लढाई, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर तो महादेवाची पूजा करतोय. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत त्याची आठवण राहावी.

"लोणी भापकरला देवळापाशी असं दगड हायत, मामाच्या गावाला," शंभूराज म्हणाला.

"मग आज आपल्याकडे आहे का ते बघू."

ऊन चढलं तसा शेंदूर सुटायला लागला. शंभूराजनं कडेला फडकं लावून हलकेच दाबलं आणि नारळाची अर्धी करवंटी निघावी तसं अख्खं कवच त्याच्या हातात आलं. वर चंद्र-सूर्य होते. मधलं सगळं झिजून गेलं होतं. खाली तलवार उगारलेला माणूस होता. त्याच्या मागं जनावरं.

ठमाबाईनं एकेका जनावरावरून बोट फिरवलं. शिंगं लांब होती, वशिंडं स्पष्ट दिसत होती.

"मेंढरू न्हाय ह्यात," ती हळू म्हणाली आणि बांधावर जाऊन बसली.

बापूसाहेब खाली वाकले. "गाई हायत. धनगराकडं गाई कुठल्या? आमच्यातलाच कोनतरी असनार."

"अहो, मघापर्यंत तो देव होता," मी म्हणालो.

ते ओशाळून हसले. पण ठमाबाई हसली नाही. पदराच्या टोकाला लागलेलं तेल ती उगाच पुसत राहिली.

मुलं अजून दगडाला चिकटून होती. बापूसाहेबांची नात छकुली म्हणाली, "गुर्जी, हितं एक वासरू वाकडं काढलंय."

माणसाच्या पायापाशी एक लहानसं जनावर होतं. मला दिसलं, पण मी सांगितलं नाही. विचारलं, "वासराची शेपटी कशी असते?"

"खाली लोंबती."

"आणि ह्याची?"

"वर हाय. गोल वळलीय." तिनं बोटानं ते वळण गिरवून पाहिलं. "गुर्जी, हे वासरू न्हाय. कुत्रं हाय."

ठमाबाई उठून आली. तिनं कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला, खऱ्याच्या फिरवतात तसा. मग म्हणाली, "बापूराव, गाईंमागं कुत्रं घिऊन तुमच्या घरचं कोन जायचं?"

"कोनी न्हाय," बापूसाहेब म्हणाले. "कुत्रं धनगराचं. पर आत्या, गाईंचं काय?"

"आमची मेंढरं तुमच्या रानात बसायची ना खतासाठी? रातभर जागं कोन? आमी. गाव निजल्यालं. चोर आलं तर पयलं कोन उठनार?" ती जरा थांबली. "सासूला गाईंचं ठावं नसंल. गाई तुमच्या, मानूस आमचा."

बापूसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. "आन् आमी त्येला कच्ची वांगी दावतोय," ते म्हणाले. "त्यो बिचारा भाकरीची वाट बघत असंल."

मी मुलांना सांगितलं, की हाही अंदाजच. दगडावर नाव कोरलेलं नाही. म्हणून जे दिसतं ते आधी लिहायचं, लोक म्हणतात ते 'म्हणतात' असंच लिहायचं. मुलांनी भांडून भांडून मजकूर केला:

'गुरं वाचवताना पडलेल्या माणसाचा हा वीरगळ. धनगरवस्तीचे लोक त्याला आपला थोरला म्हणतात. शेजारचे शेतकरी त्याला म्हसोबा म्हणून पुजतात.'

इंदापूरचा पेंटर अजित येऊन पाटी रंगवून गेला, असं म्हणणार होतो. पण तो लगेच जाऊ शकला नाही. ठमाबाईला वाचता येत नाही. तिनं छकुलीकडून पाटी वाचून घेतली, पुन्हा वाचून घेतली, आणि विचारलं, "कुत्रं कुठं हाय?"

 ज्याच्यामुळं सगळं कळलं, तेच राहिलं होतं.

"आजी, जागा संपली," अजित म्हणाला.

"बारीक लिव. त्ये बारीकच हाय."

अजितनं ब्रश पुन्हा डब्यात बुडवला आणि अगदी तळाला लिहिलं, 'सोबत त्याचं कुत्रं.'

बापूसाहेब शेंदराची वाटी घेऊन उभेच होते. "आत्या, लावू का?"

"टिकलीएवढा लावा," ठमाबाई म्हणाली. "परत झाकू नगा त्येला."