शेवटचं कडवं

माझ्या कवितेच्या आधी सासऱ्यांना हमखास खोकला येतो. मी माइकपाशी पोचले की ते पहिल्या रांगेत घसा साफ करतात, जणू त्यांनाच म्हणायचीय. तसं पाहिलं तर कविता त्यांचीच आहे. मुलगा सीमेवर मारला गेला तेव्हा त्यांनी ती माझ्या तोंडी लिहिली. मला काही सुचत नव्हतं. हातात कागद दिला, तो मी वाचला. लोकांना वाटलं, बायकोच बोलतेय. तेव्हापासून दर वर्षी स्मारकापाशी आधी सलामी, मग मी, मग बिगुल. माझा शेवटचा शब्द 'राहीन' ऐकला की बिगुलवाला बिगुल ओठांना लावतो.

दार उघडे, दिवा तेवता, वाट तुझी मी पाहत राहीन,
नाव तुझे हे ओठी माझ्या, तुझीच होते, तुझीच राहीन.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक फ्रेम निवडायचं सोडून माझ्याकडेच बघतं. "तुम्ही त्याच ना, कवितेतल्या?" मी हो म्हणते आणि आरसा पुढे सरकवते. चिडून करणार काय?

मागच्या खोलीत काचा घासणाऱ्याने मला गेल्या महिन्यात लग्नाचं विचारलं, तेही एका दांडीचा स्क्रू पिळता पिळता, मान वर न करता.

"आधी तो स्क्रू बसव," मी म्हटलं. पण मला इतका आनंद झाला की पुढच्या आजींना मी दुसऱ्याचाच चष्मा दिला.

"बसवला. आता सांग."

"समारंभ होऊ दे. या वर्षी मी शेवटचं कडवं म्हणणार नाही. मग घरी सांगणं सोपं जाईल."

समारंभाच्या सकाळी मी धीर करून सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, शेवटचं कडवं गाळू या का?"

"का गं? घसा बसला?" माझं उत्तर यायच्या आत ते स्वयंपाकघरात गेले आणि कोमट मीठपाणी घेऊन आले. हा माणूस जरा तरी खडूस असता तर किती बरं झालं असतं! मी मुकाट्याने गुळण्या केल्या.

स्मारकापाशी मी कविता म्हटली आणि शेवटच्या कडव्याआधी थांबले. हात जोडले, एक पाऊल मागे घेतलं. बिगुलवाला बिगुल अर्धवट उचलून माझ्याकडे बघत राहिला. सासरे खुर्चीतून अर्धे उठले. मी विसरले असं वाटून ते ओठांनी शब्द दाखवू लागले. मी मान खाली घातली. तोंड उघडलं नाही.

मग दुसऱ्या रांगेतल्या एका बाईने हळूच सुरुवात केली, "दार उघडे..." शेजारणीने साथ दिली. बघता बघता अख्खं मैदान म्हणू लागलं. सगळे माझ्याकडे मायेने बघत होते, पोर गहिवरली म्हणून सांभाळून घेत होते. सासरे रडत होते आणि हसतही होते.

मी मैदानाच्या कडेच्या कठड्याकडे पाहिलं. दुकानातला तो काचा घासणारा तिथे उभा होता, हातात टोपी घेऊन. सगळ्यांबरोबर त्याचेही ओठ हलत होते. त्यालाही पाठ होतं.

"...तुझीच राहीन," मैदान म्हणालं, आणि बिगुल वाजला.